गाडीची खोट

विठ्ठलरावांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, झाकलं आणि पुन्हा उघडलं.

"चालती गाडी कोणी इकते काय, नाईक? काहून इकून राह्यला तू? खोट असन तं आताच सांग."

"खोट नाही," खेमसिंग म्हणाला. मघापासून तो फडक्यानं गाडीचं दार पुसत होता. पुसलेलंच पुन्हा पुसत होता. शेजारच्या मडगार्डवर चिखलाचा मोठा पोपडा तसाच होता. "बसा पाटील. सडकेवर फिरवून दाखवतो."

घराच्या दारात उभी असलेली जमनी उंबऱ्याबाहेर आली. नवऱ्याची नजर विझत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तिला ठाऊक होतं आणि त्याला. बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात तिसऱ्या कुणाला नाही. छप्पन साली घरची बैलजोडी विकून त्यानं पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून ही जुनी मोटार घेतली होती. आता मोटार विकून पुन्हा बैल घ्यायचे, एवढंच दोघांत ठरलं होतं. कारण कुणाला सांगायचं नाही, हे त्यानं एकट्यानं ठरवलं होतं.

"मीबी येते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. इतक्या वर्षांत ती या गाडीत बसली नव्हती. जागा नेहमी भाडं देऊन मारेगावच्या बाजाराला जाणाऱ्यांची असायची.

विठ्ठलराव मागे बसले. गाडी तांड्याच्या वाटेवरून सडकेला लागली. वाट खेमसिंगच्या हाताला पाठ होती. सडकेवर काय येतंय ते मात्र त्याला जमनीकडूनच कळणार होतं. ती पाटलांना न कळणाऱ्या, तांड्याच्या गोरबोलीत पुटपुटू लागली. समोरून बैलांची खासर येतेय. थोडी डाव्या अंगाला घे. आता मोकळं आहे. पुढं चिंच, तिच्यापाशी खड्डा.

"बाई काय बडबडून राह्यली?" विठ्ठलरावांनी हसून विचारलं.

"मोटारीची सवय नाही तिले. भेव लागते."

विठ्ठलराव खूश होते. "इंजिनचा आवाज मोठा साफ हाये हो! माह्या पोरीले सासरी धाडाले कामी येईन."

चिंचेपाशी गाडी वळवून ते परत निघाले. तेवढ्यात पांढरकवड्याकडून कापसाचा एक ट्रक धडधडत आला आणि धुळीचा लोट मागं ठेवून गेला. जमनीला काही दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले. धूळ निवळली तेव्हा कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी गाडीच्या अगदी तोंडापुढं होती.

सांगायला वेळ नव्हता. जमनीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून उलट बाजूला ओढलं. गाडी सडक ओलांडून शेताच्या धुऱ्याच्या बांधावर आदळली आणि बंद पडली. म्हातारी खाली बसली होती. भारा चाकाखाली जाऊन पार मोडला होता. ती उठली, दोन शिव्या हासडल्या आणि हाती आल्या तेवढ्या काड्या गोळा करून चालू लागली.

विठ्ठलराव कपाळ चोळत उतरले. खेमसिंगच्या बाजूला आले, खिडकीशी वाकले.

"नाईक, बाई दिसली नाही काय तुले?"

खेमसिंग समोर पाहत राहिला.

"दिसली," तो म्हणाला. "ब्रेक लागला नाही. ब्रेकच नाही तिले, पाटील. हीच खोट हाये."

जमनीनं खाली पाहिलं. त्याचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. ते तिनं मघाशी डोळ्यांनी पाहिलं होतं. अजूनही पाय होता तिथंच होता.

"खरं हाये काय, बाई?" विठ्ठलराव आता तिला विचारत होते. सावकाश, आवाज उतरवून. खोट गाडीत नाही, हे खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी तिथंच सौदा केला असता. बैल दारात आले असते.

खेमसिंगनं तिच्याकडं मान वळवली. तिच्या तोंडाकडं नाही, तोंडाच्या जरा बाजूला.

"हो," जमनी म्हणाली. "दिवाळीपासूनच लागत नाही."

विठ्ठलराव खिडकीपासून मागं सरले. मग म्हणाले, "मंग नको बाप्पा मले. लेकीबाळी बसवाच्या हायेत." दोन पावलं जाऊन ते थांबले. "अन् ब्रेक नसलेली गाडी आता हाकू नको. मी माह्या रेंगीचे बैल धाडतो. बांधून न्या घरी."

बैल आले. विठ्ठलरावांच्या गड्यानं गाडीला पुढून दोर बांधला. खेमसिंग चाकामागंच बसून राहिला. उतर म्हणायचं जमनीला धैर्य झालं नाही. ती उतरली आणि त्याच्या खिडकीला धरून चालू लागली.

बैल मोटार ओढतायत हे तांड्यानं लांबूनच पाहिलं. बाया हातातली कामं टाकून वाटेवर आल्या. म्हातारे खाटांवरून उठले. तांड्याचा मुखिया नेमसिंग नाईक, त्याच्या ओट्यावरची माणसंसुद्धा खाली उतरून दोन्ही बाजूंना उभी राहिली. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. दोराची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

खेमसिंगनं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. त्यानं मान जराशी खिडकीकडं झुकवली आणि हळूच गोरबोलीत विचारलं, "कोणी पाहून तं नाही राह्यलं?"

जमनीनं दोन्हीकडच्या तोंडांवरून नजर फिरवली.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "सारे वावरात गेले. चाल."