विलंबाचं कारण

उजव्या हाताचा अंगठा ठेचून झाला होता. दादाने आता धाकट्या भावाचा डावा हात ऐरणीवर धरला.

"सही नाही जमली तर अंगठा उमटवशील," तो म्हणाला. "मी काय दुधखुळा आहे?"

हातोडा उतरला. धाकटा गुरासारखा ओरडला. शेजारच्या दुकानाचं शटर घाईघाईने खाली आलं. भावाभावांचं भांडण, मध्ये कोण पडणार!

वडिलांच्या मागे राहिलेला लोखंडी फाटकांचा कारखाना आपल्या एकट्याचा, असा दावा दादाने लावला होता. लेखी जबाब द्यायला धाकट्याला तीस दिवस होते आणि हा तिसावा दिवस होता. जबाब टाईप होऊन त्याच्या खिशात तयार होता, फक्त सही राहिली होती. दादाने तो कागद काढला, त्यालाच हातोडा पुसला आणि भट्टीत टाकला.

अकरा दिवसांनी धाकटा कोर्टात उभा राहिला. दोन्ही हातांना पट्ट्या. उशीर माफ करून मुदत वाढवायची की नाही, हे न्यायाधीश बाईंच्या मर्जीवर होतं. पण मर्जीलाही कारण लागतं. धाकट्याने अर्जात कारण दिलं होतं, यंत्रात हात सापडले. खरं लिहिलं असतं तर मुदत हमखास मिळाली असती आणि दादा तुरुंगात गेला असता. वडील गेल्यावर याच दादाने त्याला हातोडा धरायला शिकवलं होतं. असल्या माणसाला वेडा म्हणायचं, दुसरं काय!

"दोन्ही हात एकदम सापडले, मॅडम? तेही नेमके शेवटच्या दिवशी?" दादाचा वकील हसला. "नाटकं आहेत सगळी. पट्टीखाली खरचटलेलंसुद्धा नसेल."

सकाळपासून बाईंनी असले तीन अर्ज ऐकले होते. त्यातल्या एका अर्जदाराचा मामा याच कोर्टात दुसऱ्यांदा वारला होता.

"पट्टी सोडा," त्या म्हणाल्या. "जबाबावर आत्ता, इथेच अंगठा लावा. लावलात तर उशीर माफ. नाहीतर तुमचं न ऐकता निकाल."

वकील दादाच्या कानाशी लागला. "पाच मिनिटं तोंड उघडू नका. कारखाना तुमचा झालाच म्हणून समजा."

कारकुनाने नवा जबाब आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. धाकट्याने दातांनी पट्टी सोडली. शेवटचा वेढा चिकटला होता. तो त्याने ओढला, तसं त्याच्याबरोबर कातडंही आलं. अंगठा म्हणावा असं तिथे काही राहिलं नव्हतं. कारकुनाने मान फिरवली. धाकट्याने तो काळानिळा गोळा पॅडवर टेकवला आणि सगळा भार दिला.

दादाने त्या दिवसानंतर ते हात आत्ताच पाहिले.

तो उठला. आडव्या आलेल्या वकिलाला त्याने एका धक्क्यात लोळवलं आणि पॅड भिरकावून दिलं. शाई भिंतभर उडाली. दोन शिपाई धावून आले. एकाचं नाक त्याने फोडलं, दुसऱ्याला टेबलावर आपटलं. तिसऱ्याने मागून गळा आवळला, तेव्हा कुठे तो खाली आला.

"अंगठे मी ठेचलेत!" फरशीवर गाल दाबला गेला होता, तरी तो ओरडत होता. "ऐरणीवर धरून! मुदत द्या त्याला!"

"दादा, गप्प बस ना रे," धाकटा कळवळून म्हणाला.

बाईंनी पेन उचललं.

"किती मुदत हवी?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

उत्तर फरशीवरून आलं.

"त्याला पुन्हा हातोडा धरता येईपर्यंत."