ताज्या रंगाची टाकी

"एवढा स्वस्त काऊन देऊन राह्यली ते बाई?" बायकोनं, शालूनं विचारलं.

 कैलासनं मोबाइलवरचा कॉम्प्रेसरचा फोटो पुन्हा बोटांनी मोठा केला. दोन एचपीची मोटर, पट्ट्यावर फिरणारं हेड, खाली आडवी लांब टाकी. किंमत दुकानातल्या भावाच्या निम्मीही नाही. पत्ता नालवाडीचा.

दोन महिन्यांपासून तो कॉम्प्रेसर शोधत होता. नागपूरच्या एका सेठनं गॅरेजचं जुनं सामान देऊन टाकलं, एवढंच शालूला ठाऊक होतं. नट खोलायची गन, रंगाची गन, ग्राइंडर, सगळं हवेवर चालणारं. हवा नसली तर नुसतं लोखंड. पोत्यात पडून होतं. कैलासच्या डोक्यात मात्र पक्कं होतं: टेम्पोची ड्रायव्हरकी सोडायची, अंगणात टिनाचं शेड टाकायचं आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं घरीच घ्यायची.

वर्ध्यातल्या दुकानदारानं त्याचे डोळे उघडले होते. "लहान टाकीच्या नादी नोका लागू," तो म्हणाला होता. "दोन नट खोलान, अन् बसान हवा भरायची वाट पाहत. टाकीवर नाई, मिनिटाले हवा किती देते त्यावर जा. तुमच्या गनच्या पुस्तकात आकडा असन, तो आणा."

"पुस्तक हरवलं," कैलास म्हणाला आणि किंमत ऐकून पायऱ्या उतरला.

म्हणून तर हा फोटो डोक्यातून जात नव्हता.

त्यानं फोन लावला. बाई सावकाश बोलत होती. नाव सुरभी. किमतीचं तिनं स्वतःहून काही काढलं नाही. उलट त्यालाच विचारलं, "चालवाचं काय हाय तुमाले त्याच्यावर?"

"नट खोलायची गन. अर्ध्या इंचाची."

"घरीच हाय का गन?"

"हाय."

"मंग घेऊनच या, भाऊ. चालवून पाहा. पसंत पडलं तरच नेजा."

फोन ठेवल्यावर कैलासला चैन पडेना. विकणारा माल खपवायची घाई करतो. ही बाई तपासून घ्या म्हणते! माल चोरीचा असला तर? चोरीच्या मालाची भानगड काय असते, ते त्याला चांगलं माहीत होतं.

रविवारी सकाळी तो गन पिशवीत घालून निघाला. टेम्पो त्यानं दोन गल्ल्या अलीकडेच लावला. आधी माणसं पाहावी, मग गाडी दाखवावी.

फाटकाशी खुर्ची टाकून एक आडव्या अंगाचा माणूस बसला होता. "माहे भाऊ, बाबाराव," सुरभी म्हणाली. बाबारावानं नुसती मान हलवली. कैलास आत आल्याबरोबर त्यानं उठून फाटक लावलं, वरून कडी घातली.

"कुत्रं शिरते आतमधे," तो म्हणाला.

गल्लीत कुत्रं काही कैलासला दिसलं नव्हतं.

कॉम्प्रेसर पडवीत होता. लालभडक. रंगाचा वास अजून येत होता. कैलासच्या मनात पाल चुकचुकली. गंज लपवायला रंग देतात. नंबर लपवायलाही देतात.

"रंग काऊन दिला, ताई?"

"जुना बरा नोता दिसत."

"आधी कोणाचा होता?"

"आमच्या ह्यांचाच. गॅरेज होतं त्यायचं. बंद पडलं."

"बिल?"

तिनं लगेच बिल काढून दिलं. निकेशच्या, तिच्या नवऱ्याच्या नावाचं, शिक्क्यासकट. कैलासनं कागद उजेडात धरून पाहिला. खोट सापडली नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच खटकलं.

मग त्यानं एकही गोष्ट सोडली नाही. टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढलं. बोटावर घेतलं तर जेमतेम तांबूस. मोटर चालू केली आणि मोबाइलवर वेळ लावली. दाबाचा काटा सुरळीत चढला. जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, एक फुगा आला नाही. मोटर आपोआप बंद झाली. कान देऊन ऐकलं. हवा कुठूनच सुटत नव्हती.

सुरभी दाराला टेकून हे सगळं पाहत होती. मधेच म्हणाली, "गन एकच हाय का अजून काई हाय?"

"रंगाची गन हाय, ग्राइंडर हाय. पाच नग हायत सारे."

"पाच," ती म्हणाली.

बाबारावानं खुर्ची फाटकाला आणखी टेकवली. कैलासनं ते पाहिलं. ही दोघं पैसे घेतील आणि नेताना गल्लीत कोणीतरी अडवेल, असा काहीतरी डाव असावा. त्यानं ठरवलं, आधी माल गाडीत चढवायचा, मगच खिशात हात घालायचा.

"लावा नं गन," सुरभी म्हणाली.

कैलासनं पिशवीतून गन काढली. खरं तर इथेच त्याला धाकधूक होती. गावातल्या टायरवाल्याकडे दोनदा लावून पाहिली होती, पण गनचं पाइप जोडायचं पितळी निप्पल त्याच्या पाइपात बसलंच नव्हतं. लेथवर मुद्दाम करून घेतलेलं दिसते, असं तो टायरवाला म्हणाला होता.

त्यानं पाइपाचं तोंड धरलं आणि निप्पल दाबलं. टक्. पहिल्याच झटक्यात बसलं. खटका ओढला तशी गन हातात गरगरली, पडवी दणाणली.

कैलासला हसू आवरेना. सगळा संशय उगाच होता. "जमलं, ताई!" तो म्हणाला. "या गनसाठीच बनवल्यासारखा हाय तुमचा पाइप. बोला, शेवटचे किती द्याचे? एक माणूस पाहा फक्त उचलाले, एकट्याच्यानं नाई होणार."

"मालूम हाय," सुरभी म्हणाली. तिनं त्याच्या हातातून गन अलगद काढून घेतली आणि पदरानं पुसली. "आमी आष्टीच्या लग्नात गेलतो, त्या दिवशी तुमी गॅरेजातलं बाकी सारं नेलं, भाऊ. हाच तेवढा तुमच्यानं उचलल्या नाई गेला."