नळाला पाणी नाही

“बिल अडवून काय मिळतं हो मॅडम तुम्हाला?” महापालिकेच्या बागेतल्या बाकावर ऐसपैस बसत ठेकेदार शिरोडे म्हणाला. “शौचालय आरशासारखं लख्ख आहे. सही करा नि मोकळ्या व्हा.”

उद्यान अधीक्षक प्रमिला वाघचौरेंनी वर्षभर नोटिसा धाडल्या होत्या, पण शिरोडेने त्यांना भीक घातली नव्हती. त्यात सकाळीच वरून फोन आला होता: मार्च संपतोय, निधी परत जाईल, फार ताणू नका. नाइलाजाने त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तोच शिरोडेचा चेहरा कसनुसा झाला. सकाळची मिसळ पोटात उठली होती. तो उठला आणि स्वतःच ठेका घेतलेल्या शौचालयाकडे धूम पळाला.

थोड्या वेळाने आतून केविलवाणी हाक आली, “मॅडम, नळाला पाणी नाही!”

“तुमचे सफाई कामगार कुठेत?”

“नेमलेच नाहीत हो!”

प्रमिलाबाईंनी पेन पर्समध्ये टाकलं. “मग पाणी घरून मागवा.”

शेवटी त्याची बायको स्कूटरवरून पाण्याची कळशी घेऊन आली. नाकाला पदर लावून तिने दारातून डोकावलं आणि अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशी कडाडली, “याच्यावर चालवता होय माझा संसार?”

आता बिलावर सही करण्याआधी प्रमिलाबाई शिरोडेवहिनींना विचारतात. वहिनी अजून हो म्हणालेल्या नाहीत.