निळी जर्सी

"बॉल दे की त्याला! मोकळा उभा आहे तो!"

ओरडून माझा घसा बसला. संग्रामनं मानसुद्धा वळवली नाही. स्वतःच मारला आणि बॉल थेट गॅलरीत गेला.

दोन वर्षं पत्रं लिहून मी एका जर्मन क्लबचा कोच कोल्हापुरात आणला होता. त्यानं दोन पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांतली पोरं मिसळून एक टीम केली. तासाभरात एकानंही समोरच्या तालमीच्या पोराला पास दिला नाही.

"सर, त्याला पास दिला तर पेठेत तोंड कसं दाखवू?" संग्राम म्हणाला.

"अरे मर्दा, शंभर वर्षं फुटबॉल खेळतोय आपण! जग बघायची संधी दारात आलीया आणि तुम्ही अजून गल्लीतनं बाहेर पडंना झालाय!"

पोरं खाली मान घालून उभी राहिली.

निघताना पाहुण्या कोचनं पिशवीतून आपल्या क्लबची जर्सी काढली. पाठीवर माझं नाव छापलेलं. फोटोसाठी घाला, अशी खूण केली.

जर्सी निळी होती. संग्रामनं ज्याला पास दिला नाही, त्याच्या तालमीचा रंग. पंधरा वर्षं मी त्या रंगाविरुद्ध गोल राखला होता.

"घाला की सर," संग्राम म्हणाला.

मी जर्सीची घडी घालून काखेत धरली. "नको रे, उकडतंय."

जानेवारीतल्या त्या गारठ्यात संग्रामनं माझ्याकडं बघत जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.