येतानाची गर्दी

"आत सरका! पोरं मांडीवर घ्या!" सरपंच गोदाक्कांनी तान्ह्यांसकट अख्खं गाव बसमध्ये कोंबलं. प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद करायला निघालेले डेपोचे साहेब फटफटी चावडीपुढं लावून चढले, तर त्यांना टेकायलाही जागा नव्हती. अक्का गालात हसल्या.

तालुक्याच्या स्टँडवर बस थांबली. कुणी जागचं हलेना.

"अहो, उतरा की!" साहेब म्हणाले.

सगळे अक्कांकडे बघू लागले. चढायचं त्यांनी पढवलं होतं, उतरायचं राहूनच गेलं होतं.

"उतरून काय करू?" भिवातात्या म्हणाले. "जातानाची गर्दी झाली. आता येतानाची करायची हाय."

अक्कांनी कपाळावर हात मारला. झाली आता फेरी बंद!

साहेबांनी खिशातली फटफटीची किल्ली चाचपली.

"तात्या, जरा सरकून घ्या. मलाही तुमच्याच गावाला परत यायचंय. दुसरी गाडी कुठाय?"