निल्सेरचा हिवताप

"घट्ट धरा मावशी, निल्सेर चांगलाच चढलाय याच्यात," असं म्हणून रक्त तपासणाऱ्या लादिस्लाओने माकडाच्या कानाला सुई टोचली.

एर्लिंदाने माकड छातीशी आवळलं. निल्सेर हे तिच्या मुलाचं नाव. इकितोस शहरातल्या दवाखान्यात तो हिवतापाने गेला, तेव्हा या प्रयोगशाळेने त्याचं रक्त नेलं होतं. त्यातले जंतू आता माकडांत वाढवत होते. ज्याचं रक्त, त्याचंच नाव जंतूंना द्यायची इथली रीत. त्यामुळे मेलेल्या पोराचं नाव दिवसभर सगळ्यांच्या तोंडी. निल्सेर आज जोरात आहे. निल्सेर मंदावलाय. निल्सेरने कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातलं एक संपवलं.

शेजारणी म्हणायच्या, हिला पिंजरे धुवायला दुसरी जागा मिळाली नाही? पण एर्लिंदाने हे काम मागून घेतलं होतं. इथे लस तयार होत होती. ज्याने तिचं पोर खाल्लं ते एक दिवस मरणार होतं, आणि ते मरताना तिला समोर उभं राहायचं होतं. एवढ्यासाठीच ती जगत होती.

त्यापायी तिने माकडांचे काय हाल होऊ दिले! जंतू जोमाने वाढावेत म्हणून त्यांची प्लीहा कापून काढत. भूल द्यायला माकड धरून तीच न्यायची. या माकडांत पिल्लू बापाच्या पाठीवर वाढतं. बाप तापाने कुडकुडत आडवा झाला तरी पिल्लू त्याला सोडत नसे. तेही तीच ओरबाडून काढायची आणि मग उकडलेलं केळं भरवायची. तिला लाज वाटायची, पण हात थांबत नसत.

एके सकाळी लादिस्लाओने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "लस टोचलेल्या एकाही माकडात जंतू उरला नाही. बिनलशीची तर गेलीच सगळी. मावशी, निल्सेर संपला."

एर्लिंदा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

प्रयोगशाळेचा प्रमुख, डॉक्टर आर्बिल्दो, धावत आला. भला माणूस. त्याला वाटलं, आईच ती, पोराची शेवटची खूणही गेली म्हणून रडतेय. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिचा हात त्याने हातात घेतला.

"रडू नका एर्लिंदाबाई. असा कसा संपू देईन मी त्याला? पहिल्याच दिवशी थोडं रक्त गोठवून ठेवलंय. तुम्ही-आम्ही मरून जाऊ, पण निल्सेर मरायचा नाही. सोमवारी नवी माकडं येतायत. तुमच्याच हाती देतो."