दरखेपेला एक दार पुढे

पंच्याऐंशी साली पुलगावच्या टॉकीजमध्ये तो जुना इंग्रजी खुनाचा सिनेमा पुन्हा लागला आणि मीराबाईंचं डोकंच फिरलं. त्यांचे यजमान, नाचणगावचे माणिकराव मास्तर, तो आला की पाहायला जातच.

"तोच मुखवटेवाला, तोच सुरा, अन् तीच पोरगी मरते! काय पाहून राह्यले तुमी त्याच्यात?"

"तेच नाई ना मीरा. दरखेपेले ती एक दार पुढं जाऊन मरते. मागच्या खेपेले तर फाटकापाशी पोचलती."

हा खुळेपणा एकदाचा मिटवावा म्हणून वैतागलेल्या मीराबाई दुपारच्या खेळाला त्यांच्यासोबत गेल्या.

पडद्यावर मुलगी जिना उतरली, अंगणातून धावली, फाटक ढकलून बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. माणिकरावांनी टाळ्या पिटल्या. "सुटली वं, सुटली!"

"झालं ना समाधान? आता चला घरी," म्हणत मीराबाई करवादून उठू लागल्या.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी धापा टाकत त्यांचा पदर घट्ट धरला.

पडद्यावर मुखवटेवाला एकटाच उरला होता. त्यानं फाटकाबाहेर पाहिलं, मग सावकाश मान वळवली आणि तो मीराबाईंच्या रांगेकडे बघू लागला.